छापून आलेलं फेफरं

खुरपायला बायका रानात उतरल्या की पहिली वादावादी व्हायची ती माझ्या धाकट्या बहिणीच्या शेजारची पात कुणी धरायची यावरून. पात म्हणजे एकेकीनं खुरपत पुढं न्यायचा रानाचा पट्टा. कडेच्या पातीला झाडाची सावली मिळते, पाटाजवळच्या पातीला माती मऊ लागते, पण बायकांना त्याचं काही नसायचं. त्यांना तिच्या शेजारी बसायचं असायचं, कारण ती बोलायची. तिनं मनानंच एक घर उभं केलं होतं. त्यात एक सासू, तीन सुना आणि एक बिनलग्नाचा दीर होता, आणि रोज ती त्या घरात नवी भानगड लावून द्यायची. "काल कुठवर आलो होतो गं?" असं ती विचारायची आणि चार बायका एकदम सांगायच्या.

मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. माझी पात नेहमी सगळ्यांच्या पुढं असायची. माझ्या मागं गवताची काडी राहायची नाही. पण पात संपवून बांधावर एकटी उभी राहिले की मागून हसण्याचा आवाज यायचा, आणि माझ्या स्वच्छ पातीकडं कुणी बघत नसायचं.

आमची वस्ती वडगाव निंबाळकरच्या शिवारात. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. वडिलांनी, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, मेंढरं कमी करून ऊस लावला. दहा-बारा मेंढरं तेवढी दारात ठेवली, सवय मोडवत नाही म्हणून. तात्यांना सही करता यायची, वाचता यायचं नाही. त्या घरातून दहावीच्या पुढं गेलेली पहिली मी. एसटीचा पास काढून बारामतीला कॉलेजात जाणारी पहिली मी, आणि पुढं पदवी घेणारीही पहिली मीच. हे मी आजही सांगते आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. धाकटीनं शाळा नववीत सोडली. तिला कुणी सोडायला लावली नाही. तिनं वर्गात गणिताच्या मास्तरांची नक्कल केली, ती मास्तरांनी दारात उभं राहून शेवटपर्यंत पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती गेलीच नाही.

मला तिचा हेवा वाटायचा असं म्हटलं की लोकांना नवल वाटतं. शिकलेलीला न शिकलेलीचा कसला हेवा. पण मी पुस्तकं वाचून वाचून जे मिळवायला बघत होते ते तिच्याजवळ आधीच होतं, आणि त्यासाठी तिनं काहीच केलं नव्हतं. हा माझ्या मते फार मोठा अन्याय होता.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी नववीत होते, ती सातवीत. त्या दिवशी पाण्याची पाळी आमच्याकडं होती आणि तात्यांनी मला दारं धरायला लावलं होतं. एक सारा, म्हणजे वाफा, भरला की खोऱ्यानं माती ओढायची आणि पाणी पुढच्या साऱ्यात वळवायचं, एवढंच काम. अवघड नाही, फक्त नजर हवी. मी शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक लपवून आणलं होतं. बांधावर बसून वाचत राहिले. पाट फुटला आणि पाणी शेजारच्या चुलत्यांच्या कांद्याच्या रोपात गेलं. बोटभर उंचीचं रोप, सगळं आडवं झालं.

तात्या लांबून ओरडत निघाले ते हातात बैलाचा चाबूक घेऊनच. तात्या क्वचित मारायचे, पण मारायला लागले की कधी थांबायचं ते त्यांना कळत नसे. मी पळालेसुद्धा नाही. पुस्तक परकरात लपवावं की पाटात टाकावं, एवढंच मला सुचेना.

धाकटी धुणं घेऊन पाटावर आली होती. तात्या दहा पावलांवर आले आणि ती बांधावर धाडकन आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडातून फेस. तात्यांच्या हातातला चाबूक गळून पडला. चुलते धावत आले, खुरपणाऱ्या बायका आल्या. कुणी कांदा फोडून तिच्या नाकाला लावला, कुणी पायातली चप्पल हुंगवली. रोप बुडतंय याची कुणालाच शुद्ध राहिली नाही. तात्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि रस्त्याकडं पळत सुटले. त्यांच्या पाठीवर उलटी लोंबकळताना तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं.

तिनं धुण्याच्या साबणाचा तुकडा दातानं तोडून चघळला होता.

बारामतीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सांगितलं आणि गोड औषधाची एक बाटली दिली. ती बाटली आम्ही दोघींनी मिळून संपवली, एक चमचा तिला, एक मला. आठ दिवस तिची जीभ साबणानं सोललेली होती, भाकरी खाताना डोळ्यांतून पाणी यायचं. खरं काय ते आम्हा दोघींशिवाय कुणाला कळलं नाही.

इथवर ऐकून कुणीही म्हणेल, काय माया. मीही म्हटलं असतं, पण तिनं पुढं तीन वर्षं मला त्यावरून राबवलं. शेणाची पाटी उचलायची तिची पाळी आली की ती कपाळाला हात लावून म्हणायची, "आक्के, मला जरा गरगराय लागलंय. तात्यास्नी सांगू का, मागल्या येळंला कशानं झालतं ते?" मी पाटी उचलायचे. माझी नवी रिबन तिच्या वेणीत जायची. दहावीचा पेपर दुसऱ्या दिवशी असताना मी तिच्या वाटणीचा गोठा झाडला. आणि वर रानात बायकांना ती सांगायची, "आमची आक्का लय हुशार. पुस्तकातनं पाणी पाजती." बायकांना काही कळायचं नाही, पण त्या हसायच्या. मी मान खाली घालून खुरपत पुढं जायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा अंथुर्ण्याचं स्थळ आलं. नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. आईच्या भावानं, आमच्या मामानं ते आणलं होतं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, बारामतीवरून इंदापूरच्या एसटीत बसलं की रस्त्याला लागूनच त्यांचं घर, असं मामानं दोन-दोनदा सांगितलं. स्थळ माझ्यासाठी होतं. मला लग्न नको होतं, बी.ए. पुरं करायचं होतं. नकार कसा द्यायचा त्याची वाक्यं मी मनात तयार करून बसले होते.

मुलाबरोबर त्याचे आजोबा आले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. घरात ऊस होता तरी आबांनी मेंढरं सोडली नव्हती, आणि नातू मास्तर झाला तरी सोयरीक त्यांच्याच पसंतीनं व्हायची होती. त्यांनी मला विचारलं, "शिकती का?"

"हो."

"काय शिकती?"

"कला शाखा."

"म्हंजी चित्रं काढती?"

"नाही."

मामा घाईनं मध्ये बोलायला लागला. आबांना माझं शिक्षण कळलं नाही आणि मला ते समजावून सांगावंसं वाटलं नाही. त्यांची नजर दारातल्या मेंढरांकडं गेली. "ती भुंडी लंगडती का रं?" त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, काटा मोडला असंल. तेवढ्यात चुलीपुढून धाकटीचा आवाज आला. तिनं बाहेर यायचंसुद्धा नव्हतं.

"काटा न्हाय न् काय न्हाय आबा. तात्या म्होरं दिसलं की लंगडती, म्हंजी लांब चराय न्यायला नगो. मागनं जाऊन बघा, झ्याक चालती."

आबा खरंच उठले. गोठ्याला वळसा घालून मागून गेले, मेंढीकडं बघून आले आणि बसल्या बसल्या एकटेच हसत राहिले.

दोन दिवसांनी मामा परत आला. "दाजी, पोरगी पसंत हाय त्यास्नी."

तात्या म्हणाले, "पर थोरलीचं शिक्षण अजून..."

"थोरली न्हवं. धाकली."

आईनं हातातलं पीठ परातीत झटकलं. थोरली घरात असताना धाकली कशी द्यायची, असं ती म्हणाली. मामा म्हणाला, थोरलीला कालिजच करायचंय की. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "द्या की. मला काय त्याचं."

मला ते स्थळ नकोच होतं. पण नको म्हणायचा मान माझा होता, तो त्यांनी मला दिलाच नाही.

दिवेलागणीला धाकटी माझ्याजवळ आली. "आक्के, मी न्हाय म्हणू का?"

तिनं मनापासून विचारलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "तुझ्या न्हाय म्हणण्यानं माझं काय व्हतंय?"

"मग जाते बया. मास्तर दिसायला बरा हाय. आन् तुझ्याकडं तर त्यानं बघितलं बी न्हाय."

दोन्ही एकाच दमात. आजपर्यंत मी अनेक कथा लिहिल्या. वाचणारे विचारतात, तुमच्या कथांतल्या बहिणी एका हातानं कुरवाळतात आणि दुसऱ्यानं चिमटा काढतात, असं कसं. मी काय सांगणार. मला दोन वेगळे हात कधी दिसलेच नाहीत.

तुळशीची लग्नं झाली आणि तिची सुपारी फुटली. लग्न वैशाखात धरलं. सुपारीच्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी वर्गात सांगितलं की कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी साहित्य द्या. मी वाचनालयात बसून दोन दुपारी एक कथा लिहिली. दोन बहिणी. धाकटीला फेफरं येतं. मोठ्या डोळ्यांची, सोशिक पोर. ती पहिल्यांदा पडते ती रानात, बांधावर, तोंडाला फेस येऊन. थोरली ते जगापासून लपवते. निजताना आपल्या मनगटाला दोरा बांधते आणि त्याचं दुसरं टोक धाकटीच्या मनगटाला, म्हणजे ती तडफडली तर आपल्याला जाग यावी. शेवटी धाकटी कालव्यावर धुणं धुताना पडते आणि बुडते, आणि थोरली तो दोरा जन्मभर जपून ठेवते.

लिहिताना मी रडले होते. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्यानं मला फार बरं वाटलं, हेही खोटं नव्हतं. तिचा हेवा करण्यापेक्षा तिची कीव करणं मला सोपं जात होतं.

अंक निघाला. कथेखाली माझं नाव, वर्ग आणि गाव. सर वर्गात म्हणाले, बहिणीवरची माया लिहावी तर अशी. तात्यांनी अंक डेअरीवर नेऊन दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला दाखवला. "आमच्या थोरलीचं छापून आलंय." मग स्वच्छ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. त्यांनी मला आत काय आहे ते विचारलं नाही, आणि मी घरात कुणालाच वाचून दाखवली नाही. माझ्या मनात काय होतं ते यावरूनच कळावं.

नवऱ्या मुलाची चुलत बहीण आमच्याच कॉलेजात कॉमर्सला होती, हे मला माहीत नव्हतं. अंक कॉलेजातल्या सगळ्यांनाच मिळतो. तिनं तो अंथुर्ण्याला नेला, आडनाव आणि गाव ओळखलं आणि घरात वाचायला सुरुवात केली. तिकडं आमच्या वस्तीवरची एक बाई नांदत होती. तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, व्हय, बारकी असताना बांधावर पडली होती, तोंडाला फेस आलता, मीच कांदा फोडून लावला.

मामा सायकल भिंतीला टेकवून आत आला तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे कळलं. "लगीन थांबवलंय त्यांनी. पोरीला फेफरं येतंय, लपवून देताय, असं म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?" तात्या उठलेच.

"कोण कशाला पायजे? छापून आलंय. तुमच्याच थोरलीनं लिहिलंय."

तात्यांनी पेटी उघडली, धोतराचा तुकडा सोडला, अंक माझ्यापुढं धरला. "कुठं लिहिलंय दाव." मला बोट ठेवता येईना. मी म्हणाले, "तात्या, ती गोष्ट हाय. मनानं रचल्याली. खरी नसती ती."

"खोटी हाय तर मग छापली कशी?"

 तात्यांच्या लेखी छापील म्हणजे सातबारा, माझी मार्कलिस्ट आणि भिंतीवरच्या लग्नपत्रिका. त्यातलं कधी काही खोटं निघालं नव्हतं. खोटंही छापतात, हे त्या घराला मी दाखवलं.

मामा म्हणाला, आता ही सोयरीक मोडली की दुसरीकडं कुणी विचारायचं नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी फेफरंच. आई भिंतीला टेकून बसली.  धाकटीनं तात्यांच्या हातातून अंक घेतला आणि गोठ्यामागं गेली. ओळीखाली बोट ठेवून तिनं पूर्ण कथा वाचली. तिला सगळी दुपार लागली. मी शिव्यांची वाट बघत चुलीजवळ बसून राहिले.

ती आली आणि समोर बसली. "वाचलं."

"मग?"

"त्यात मी एकदा बी बोलत न्हाय, आक्के."

मला कळलं नाही ती काय म्हणतेय.

"फेफरं दिलंस, दिलंस. कालव्यात बुडवलंस, बुडवलंस. पर आठ पानं हायती आन् मी एकदा बी तोंड उघडत न्हाय. मी अशी हाय व्हय?"

"ती तू न्हाईस."

"मग माझा फेस कशाला घेतलास? त्यो मी तुझ्यापायी आणला होता."

सरांनी, वर्गानं, नंतरच्या कुठल्या परीक्षकानं माझ्या लिखाणात एवढा नेमका दोष काढलेला नाही. कथेत बहिणीवर माया करणं सोपं असतं, कारण तिथं ती उलटून बोलत नाही. मी तिला आधी गप्प केलं होतं आणि मग तिच्यावर जीव लावला होता. आणि हे तिनं, नववीत शाळा सोडलेल्या मुलीनं, एका दुपारी बोट ठेवून वाचत ओळखलं. लाज वाटण्याआधी मला पुन्हा हेवा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगते.

अंथुर्ण्याला तिला जाता येणार नव्हतं. सुपारी फुटलेली मुलगी लग्नाआधी सासरी जाऊन काय सांगणार. जायचं मलाच होतं. तिनं मला दम देऊन सांगितलं, "रडू नगंस. रडलीस की झाकतीय वाटंल त्यास्नी. आन् पुस्तकी बोलू नगंस. आबास्नी कळायचं न्हाय, मग ते मेंढराकडं बघत बसतील."

दुसऱ्या दिवशी तात्या आणि मी निघालो. बारामतीला एसटी बदलली. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, सगळीकडं उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या. तात्या खिडकीतून बाहेर बघत होते. कांद्याचं रोप बुडालं त्या दिवशीचं खरं त्यांना अजून माहीत नव्हतं. गाडीत सांगावं असं मला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा मी तिकिटाची घडी घालत बसले.

आबा अंगणात लिंबाखाली घोंगडीवर बसले होते. मुलाचे वडील त्यांच्या बाजूला, दारात बायका, आणि चौकटीला टेकून ती कॉमर्सची मुलगी, हातात अंक. मास्तर शाळेत गेला होता. आबांनी तात्यांना रामराम केला आणि मला म्हणाले, "वाच. ह्या पोरीनं अर्धंच वाचलंय."

मी ते ऐकायला तयार होऊन आलेच नव्हते. वर्गात वाचताना ज्या वाक्यांचा मला अभिमान वाटला होता ती तिथं तोंडातून निघेनात. पण वाचली. दोऱ्याचा भाग आला तेव्हा दारातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी शेवटपर्यंत वाचून अंक मिटला.

"लिवलंय झ्याक," आबा म्हणाले. "आता सांग. ह्यात खरं किती?"

"काहीच नाही. फेफरं खोटं, बुडाली ते खोटं."

"मग थोरली तिला येवढी जपती, दोरा बांधून निजती, ते?"

"ते बी खोटं. जपलं तिनं, आबा. मी न्हवं."

तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मग मी सांगायला लागले. सुरुवात पुस्तकी झाली, आबांची नजर अंगणातल्या कोकरांकडं वळताना दिसली, आणि मग माझ्या तोंडून आपोआप तिचं बोलणं यायला लागलं. पाट फुटला तरी मी पुस्तकात कशी गढले होते, तात्या चाबूक घेऊन कसे आले, ही साबण चघळून कशी धाडकन पडली, चप्पल हुंगवणाऱ्या बाईच्या चपलेला शेण कसं होतं, तात्यांच्या पाठीवर लोंबकळत हिनं एक डोळा कसा उघडला. गोड औषध, सोललेली जीभ, शेणाच्या पाट्या, "आक्के, मला गरगराय लागलंय." दारातल्या बायका आधी हळू हसल्या, मग एकमेकींना धरून हसल्या. आबांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर बायका अशा हसत होत्या, आणि ते बोलणं माझं नव्हतं.

आबांनी डोळे पुसले. "त्या मेंढीचं सांगितलं तवाच मला वाटलं, ह्या पोरीला सोंग बरोबर कळतंय. आमच्यात मेंढरू गरगरलं की आमी तापल्या लोखंडाचा डाग देतो म्हणावं. हितं येऊन पडायचं न्हाय." बायका पुन्हा हसल्या. मग आबा थांबले आणि मला म्हणाले, "पर पोरी, तिनं येवढं केलं तुझ्यापायी. मग तू हे लिवलंस कशापायी?"

मी घरून याचं उत्तर तयार करून आणलं होतं. कल्पनाशक्ती वगैरे. ते मी सांगितलं नाही.

"तुमी तिला पसंत केलंत म्हणून."

 कॉमर्सच्या मुलीनं अंक पाठीमागं धरला. तात्या घोंगडीची लोकर उपटत होते. आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"आलो होतो तर आमी तुलाच बघाय," ते म्हणाले. "आज बोललीस तशी तवा बोलली असतीस..."  मुलाच्या वडिलांकडं वळून म्हणाले, "वैशाखातली तारीख हाय ती हाय. चहा टाका."

 परतताना बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर तात्यांनी विचारलं, "कुठलं पुस्तक वाचत होतीस तवा?"

"आठवत न्हाय तात्या."

"सगळं रोप बुडालं आन् आठवत बी न्हाय." एवढंच बोलून ते पाण्याच्या मोटारीचा दुरुस्तीला टाकलेला पंखा आणायला बाजारात गेले. मी एकटी घरी आले.

धाकटी वस्तीच्या वाटेवर येऊन उभी होती. मला एकटीला बघून तिचं तोंड उतरलं. "काय झालं?"

"पाणी दे आधी."

ती पळत घरात गेली, तांब्या घेऊन आली. मी ओट्यावर बसून पाणी प्यायले. सावकाश प्यायले. आई कुठं आहे विचारलं. रानात गेलीय, ती म्हणाली. पायातली चप्पल काढली, टाचेला खडा रुतला होता तो बघितला. एका शब्दाचं काम होतं आणि तो शब्द मी तोंडात धरून बसले होते. तिनं पुन्हा विचारलं नाही. दोन्ही हातांनी तांब्या धरून माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तिचे ओठ हलत होते पण त्यातून काही येत नव्हतं. ते मला गोड लागत होतं. दिवसभर जे केलं ते तिच्यासाठीच केलं होतं, आणि तरीही तेवढा वेळ मला हवा होता.

"धरलंय," मी शेवटी म्हणाले. "वैशाखातच. डाग देतो म्हणालेत आबा, पडलीस तर."

 मग तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी तिनं माझ्या डोक्यावर ओतलं. अंगावर साडी तिचीच होती, सुपारीची. सकाळी तिनंच मला नेसवली होती, निऱ्या धरून. पाणी केसांतून, मानेवरून त्या साडीवर उतरलं. मी काही बोलायच्या आत ती माझ्या शेजारी बसली आणि आपल्या पदरानं माझं डोकं खसाखसा पुसायला लागली, केस ओढले जातील असं.

"माझी साडी काढ आधी," ती म्हणाली. "वाळाय पायजे."